जुईच्या वेलाची वायर

"माझ्या घरात वस्तू मरत नाही," असं राजगोपालराव येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत. ते खरंच होतं. वस्तू मरत नसत, नुसत्या अंथरुणाला खिळून असत! त्यांच्या बँकेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून पोसला होता. तो सुरू होईपर्यंत त्यांच्या बायकोचं, अंबुजाबाईंचं, सांबार उकळून गार व्हायचं. आणि कपाटात एक डिजिटल कॅमेरा होता, त्यांची मुलगी लावण्या शाळेत होती तेव्हाचा; त्याचा छोटा पडदा कधीचाच काळा पडला होता.

रविवारी राजगोपालरावांची षष्ट्यब्दपूर्ती होती. साठीला नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लागतं, आणि चेन्नईत लग्न म्हटलं की हॉलच्या दारात दोघांच्या फोटोचा दांडगा बॅनर हवाच. बॅनरवाल्याला फोटो आज संध्याकाळपर्यंत हवा होता. अंबुजाबाईंनी कधीचाच ठरवून ठेवला होता. रामेश्वराला एका वाटसरूकडून काढून घेतलेला. त्यांनी हिरवी साडी नेसलेली, शेजारी राजगोपालराव, आणि विशेष म्हणजे हसणारे. लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात गेला तेव्हा त्या रडल्या नाहीत, कारण रामेश्वरचा फोटो होता. "कॅमेऱ्यात आहे की, जातो कुठं?" असं राजगोपालराव इतकी वर्षं सांगत आले होते. तो फोटो अंबुजाबाईंनी एकदाही पाहिला नव्हता.

लावण्यानं कॅमेरा मागितला. पेरुंगुडीला ऑफिसजवळ एक दुकान आहे, तिथं पाच मिनिटांत होईल, म्हणाली. राजगोपालराव उखडले. घरात धडधाकट कॉम्प्युटर असताना दुकानदाराच्या पाया पडायचं? त्यातून तंजावरहून व्यासराज, म्हणजे अंबुजाबाईंचा धाकटा भाऊ, नुकताच येऊन टेकला होता. मेहुण्यासमोर माघार घेईल तो नवरा कसला!

आता कॅमेऱ्याची वायर सापडेना. दोन कपाटं आणि एक माळा उपसल्यावर अंबुजाबाई हळूच म्हणाल्या, की बाल्कनीतली जुई त्यांनी एका काळ्या वायरीनं गजाला बांधली आहे. तीच ती! राजगोपालरावांनी वायर सोडली आणि इतक्या वर्षांचा वेल धाडकन जमिनीवर आला. अंबुजाबाईंनी तोंड उघडलं. "वेल पुन्हा येतो, फोटो पुन्हा येतो काय?" असं म्हणून राजगोपालरावांनी ते बंद केलं.

वायर लागली, पण कॉम्प्युटर कॅमेऱ्याला ओळख देईना. मागचं भोक सैल झालं होतं. वायर वर उचलून थोडी डावीकडे दाबून धरली तरच तो ओळख द्यायचा, सोडली की विसरायचा. म्हणजे कुणीतरी टेबलाखाली बसून वायर धरायला हवी. कोण बसणार? लावण्या फोनवर ऑफिसला काहीतरी समजावत होती, व्यासराज पाहुणा. अंबुजाबाई गुडघे धरत टेबलाखाली शिरल्या. ज्यांचा फोटो, त्यांनाच तेवढा पडदा दिसत नव्हता!

"हलू नको," राजगोपालरावांनी हुकूम सोडला.

फोटो येऊ लागले. मदुरैचं गोपुर. तंजावरचा नंदी. नवी स्कूटर, पुढून, मागून आणि हार घालून. गोपुराखाली लावण्या. पुन्हा गोपुर. एका फोटोच्या कडेला साडीचा काठ आणि हातातल्या पिशव्या, बस्स. लावण्या फोन ठेवून मागे येऊन उभी राहिली.

"दिसलों काय आपण?" टेबलाखालून विचारणा झाली.

"येतंय, येतंय," राजगोपालराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

रामेश्वर आलं. समुद्र, खांबांची रांग, आणखी खांब. शेवटी एक व्हिडिओ होता. बँकेतून आणलेले दोन स्पीकर पूर्ण जोरात होते. आधी वारा घोंघावला, मग व्यासराजाचा तरुण आवाज आला; त्या यात्रेला तोही बरोबर होता, फोटोच्या वेळी तेवढा नारळ आणायला गेलेला. अक्काचा आणि तुमचा फोटो बेष आला काय, असं तो विचारत होता. आणि मग खुद्द राजगोपालरावांचा.

"तो पुसला रे. कार्डात जागा नव्हती, खांब सगळे येईनात. तिला सांगू नको, घरी गेल्यावर विसरेल." आणि लगेच मोठ्यानं, "अंबुजा, बाजूस हो, गोपुर दिसत नाही!"

नेमका तिथंच कॉम्प्युटर अडकला. "बाजूस हो. बाजूस हो. बाजूस हो." राजगोपालरावांनी सगळी बटणं दाबली. व्यासराज चपला शोधायला लागला. लावण्यानं भिंतीवरचा स्विच बंद केला, पण राजगोपालरावांनी गेल्याच महिन्यात यूपीएसला नवी बॅटरी घातली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो वेळेवर कामाला आला! तोही शिट्या मारू लागला. खालच्या मजल्यावरच्या मामींनी काय झालं म्हणून हाक मारली.

खोटं ते बोलत नव्हते, हे सांगायला हवं. फोटो पुसल्याचं ते मनापासून विसरले होते. बायको विसरेल म्हणाले होते, विसरले स्वतः. हे अंबुजाबाईंना सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण त्या आवाजापुढं त्यांचा आवाज चालेना.

अंबुजाबाई टेबलाखालून निघाल्या. गुडघ्यांवरची धूळ झटकली. आधी भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ओरडल्या असत्या तर राजगोपालरावांना बरं वाटलं असतं.

"मी नाही विसरलें," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी कॅमेऱ्यातून आणि कॉम्प्युटरमधून वायर उपसून काढली, हातावर गुंडाळली आणि जुई पुन्हा बांधायला निघाल्या. बाल्कनीच्या दारात राजगोपालराव उभे होते, हात जोडावेत की पसरावेत हे न ठरलेले. मागं कॉम्प्युटर त्यांच्याच तरण्या आवाजात बजावत होता, "बाजूस हो. बाजूस हो."

ते बाजूला झाले.