पाच वाव पाणी

मी भांडखोर माणूस नाही. चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या, पण एकीवरही कधी आवाज चढवला नाही. पण यंदाच्या हिवाळ्यात माझ्यावर जो अन्याय झालाय तो लिहून ठेवायलाच हवा. (शाळेत मी फारसा गेलो नाही, तेव्हा सावकाश वाचा. मीही सावकाशच लिहितोय.)

केलं मी एवढंच, की रीळ बदललं. बर्फाला भोक पाडून मासे धरायचं जे रीळ असतं, त्यातून दोरी पीळ घेत उतरते आणि टोकाचं आमिष भोवऱ्यासारखं फिरत राहतं. गरगरणारं जेवण मासा तरी कसं खाईल? म्हणून उन्हाळ्यात ओढ्यावर ट्राउट मासे धरायचं माझं गोल फ्लाय रीळ मी आखूड काठीला बसवलं. त्यातून दोरी सरळ येते. फक्त आपोआप सुटत नाही, हातानं ओढून सोडावी लागते. पण मला कसली घाई?

"तुला नाही, माझ्या तव्याला आहे!" सिग्ने म्हणाली. सिग्ने म्हणजे माझी बायको.

सहा आठवडे एकही मासा लागला नाही. मग सिग्नेनं जाहीर केलं, "हाल्वर, या शनिवारी घरात एक वॉलआय मासा आला नाही, तर तळ्यावरचं खोपटं थोरवालला द्यायचं."

थोरवाल तिचा भाऊ. आणि खोपटं माझं! प्रत्येक फळी मी ठोकलेली, अठ्ठावीस हिवाळे मी त्यात बर्फाच्या भोकापाशी बसलेलो!

शनिवारी पहारा द्यायला ती स्वतः बर्फावर आली. थोरवालही आला, मोजपट्टी घेऊन.

"बाकाचं माप घेतो. चालेल ना दाजी?"

मी दोन्ही हात पसरून दोरी ओढत होतो; पसरल्या हातांएवढी दोरी म्हणजे एक वाव. एक वाव, दोन वाव...

"काय मोजतोयस?" सिग्ने.

"खोली. इथं पाच वाव पाणी आहे. जुलैत होडीतून मोजलंय."

"जुलैत अंगात काय होतं?"

"सदरा."

"आणि आत्ता?"

मी खाली पाहिलं. दोन स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर कोट. (खोपट्यातल्या स्टोव्हची ऊब गुडघ्यांच्या वर चढत नाही.) थोरवालनं माझ्या पसरलेल्या हातांना पट्टी लावली.

"चार फूट! अरे दाजी, जुलैत सहा होते! सहा आठवडे तू माशांच्या डोक्यावर दहा फुटांवरून ताट फिरवतोयस!"

"पण स्वेटर विणले कोणी?" मी विचारलं.

सिग्ने स्टोव्हमध्ये लाकूड सारू लागली.

मी रागानं सगळं काढून फेकलं आणि सदऱ्यावर पाच खरे वाव सोडले. पाचवा संपतोय तोच काठी वाकली! आता या रिळाचं असं, की हँडल एकदा फिरवलं की चाकही एकदाच फिरतं, आणि चाक जेमतेम बशीएवढं.

"फिरव की!"

"फिरवतोय!"

"लवकर फिरव!"

"हेच लवकर!"

"उथळ पाण्यात ठीक होतं हे," थोरवाल म्हणाला. "खोल पाण्यातून मासा वर येईपर्यंत बर्फ वितळेल."

मला एकच सुचलं. दोरी खांद्यावर घेतली, दार उघडलं आणि नांगराच्या घोड्यासारखा मासा ओढत चालू लागलो. बाहेर पाऱ्यानं खाली जायचं शिल्लक ठेवलं नव्हतं आणि मी सदऱ्यावर. तीस फूट गेलो आणि मागून किंकाळी आली.

परत धावलो. (म्हणजे चाललो, पण मनापासून.) सिग्नेच्या मांडीवर हातभर लांब वॉलआय!

"धरला मी!" ती म्हणाली.

"मी ध-ध-धरला!"

"तू होतास कुठे?"

"बाहेर!"

"झालं तर," थोरवाल म्हणाला. "भोकातून उचलेल त्याचा मासा."

हा नियम आमच्या तळ्यावर माझ्या बापाच्या वेळेपासून आहे. थोरवालचे चार मासे मीच त्या नियमानं घरी नेलेत, त्यामुळे मासा तिचाच ठरला.

खोपटं थोरवालला गेलं नाही, हे खरं. पण आमच्या मिनेसोटात कायद्यानं बर्फावरच्या खोपट्यावर मालकाचं नाव लिहावं लागतं. सिग्नेनं माझं खरवडलं आणि स्वतःचं लिहिलं. रंग थोरवालनं आणला. "ज्यानं मासा आणला त्याचं खोपटं," ती म्हणाली. आता दोघं आत कॉफी पीत बसतात आणि मी, उथळ पाण्याचा माणूस म्हणून, काठाशी उपड्या बादलीवर.

परवा माझ्या काठीला भक्कम ओढ लागली. मी ओरडलो, दोघं खोपट्यातून पळत आले. एकेक फेरा करत मी वर काढला तो मागच्या मार्चमध्ये हरवलेला माझाच हातमोजा.

सिग्नेनं तो पिळला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली,

"छान. आता याची जोडी धरल्याशिवाय जेवायला येऊ नकोस."