अनभिज्ञतेचा दाखला

ओदील थिबोदो या बाई केंद्र सरकारच्या नैतिक अंतर विभागात उपसचिव होत्या. विभागात माणसे तीन : उपसचिव, त्यांचा टंकलेखक आणि दीर्घ रजेवर गेलेले सचिव. कामही एकच. पंतप्रधानांसमोर कोणी बळाच्या वापराविषयी बोलू लागले, की पंतप्रधानांना सन्मानपूर्वक खोलीबाहेर नेणे आणि ते बाहेर होते याची लेखी नोंद करणे.

असा विभाग असावा असे कोणाच्या मनात नव्हते. तो निवडणुकीतून जन्माला आला. पंतप्रधान कॉर्नेलिअस वीलर हे मॅनिटोबा प्रांतातल्या मेनोनाइट, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या घरातले. त्यांच्या कुळात चारशे वर्षांत कोणी हत्यार उचलले नाही, असे ते स्वतः सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई. "माझ्या हातून एकही गोळी सुटणार नाही," असे त्यांनी प्रचारात सांगितले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. निवडून आल्यावर एक पाहणी झाली. शंभरातल्या ब्याऐंशी लोकांना गोळी न झाडणारे पंतप्रधान हवे होते. त्याच शंभरातल्या एक्क्याण्णव लोकांना बंदूकधारी पोलीसही हवे होते. दोन्ही इच्छा पुरवायच्या, तर मध्ये थोडे अंतर लागणारच. ते राखायला विभाग काढला.

वीलर माणूस मात्र लाखात एक. दर सोमवारी ते घरून त्स्वीबाक आणत, म्हणजे एकावर एक बसवलेले दोन छोटे पाव, आणि शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटत. ओदीलबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा ते तीनदा भेटून गेले. त्यांचा राग करणे कोणालाच जमत नसे, आणि खरी अडचण तीच होती.

विभागाचे मुख्य हत्यार (हा शब्द कार्यालयात वापरायला बंदी होती) म्हणजे फॉर्म ९-ग, अर्थात अनभिज्ञतेचा दाखला. "प्रमाणित करण्यात येते की वरील व्यक्तीस नमूद वेळी नमूद बाबीविषयी काहीही माहीत नव्हते." खाली उपसचिवांची सही आणि शिक्का. अट एकच. ज्याने वाक्य शेवटपर्यंत ऐकले, त्याला दाखला नाही. त्यामुळे बाईंचे कान भलतेच तिखट झाले होते. सेनापतींनी घसा खाकरला, की पुढे काय येणार हे त्यांना कळे आणि त्या उठत. "साहेब, काचघरातल्या रोपांना पाणी घालायची वेळ झाली." पंतप्रधानही लगेच उठत. दोन वर्षांत त्या काचघरातली जिरेनियम पाणी जास्त होऊन तीनदा कुजली.

भाषेचीही काळजी घेतली होती. विभागाने शब्दांची एक यादीच काढली होती. त्यानुसार अतिरेक्याला 'तीव्र असहमत नागरिक', ओलिसाला 'अनिच्छुक पाहुणा' आणि गोळीबाराला 'एकतर्फी समारोप' म्हणायचे होते. पोलीसप्रमुख डंकन मॅक्लीश यांना ही यादी पाठ होत नव्हती. ते जुन्या वळणाचे होते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला सेंट-एलोई गावच्या कर्लिंग क्लबात 'शुभ्र उत्तर' या टोळीचे तीन तीव्र असहमत नागरिक रायफली घेऊन शिरले. त्या वेळी बर्फावरून जड दगड घसरवण्याच्या या खेळाचे ज्येष्ठांचे सामने चालू होते. एकतीस म्हातारे अनिच्छुक पाहुणे झाले. टोळीची मागणी अशी, की गेल्या वीस वर्षांत देशात आलेल्या सगळ्यांना परत पाठवायचे. नाहीतर बारा वाजल्यापासून दर तासाला एक म्हातारा.

त्या एकतिसांत अर्मां थिबोदो होते. वय एकोणऐंशी, ओदीलबाईंचे वडील. त्यांच्या अंगणात वीलरांच्या प्रचाराची पाटी दोन वर्षांनंतरही बर्फात उभी होती.

ओदीलबाईंना हे कळले तेव्हा त्या तातडीच्या बैठकीसाठी पेन्सिली मांडत होत्या. त्यांनी पेन्सिली मांडून पूर्ण केल्या. चार खाली पडल्या, त्या उचलून पुन्हा ओळीत लावल्या.

कायद्याप्रमाणे पहिली पायरी संवादाची. ती अकराला पार पडली. तीन जणांचे संवाद-पथक आठ घडीच्या खुर्च्या आणि पंतप्रधानांच्या चर्चमधल्या बायकांनी शिवलेली सलोख्याची गोधडी घेऊन क्लबात गेले. खुर्च्या गोल मांडायच्या आणि गोधडी मध्ये पसरायची, अशी पद्धत होती. टोळीने खुर्च्या ठेवून घेतल्या, गोधडी ठेवून घेतली आणि पथकही ठेवून घेतले. "संवाद सुरू झाला असून आमचे सदस्य अद्याप आतच आहेत," असा अहवाल आला. अनिच्छुक पाहुणे आता चौतीस झाले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बैठक भरली. पंतप्रधान, उपपंतप्रधान, पूर्वी संरक्षणमंत्री असलेल्या शांतता-मंत्री, गृहमंत्री, कायदा सल्लागार, पोलीसप्रमुख आणि दाराजवळच्या खुर्चीवर ओदीलबाई.

"साहेब," मॅक्लीश म्हणाले, "माझी चार पोरं समोरच्या चर्चच्या छतावर पालथी पडलीयेत. खिडकीतून तिघंही दिसतायत. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही त्यांना गो..."

"साहेब, रोपं," ओदीलबाई म्हणाल्या. पंतप्रधान बाहेर गेले. दोन मिनिटांनी आत आले.

"मी काय म्हणत होतो," मॅक्लीश म्हणाले, "थंडीनं पोरांची बोटं गारठलीयेत. मग नेम..."

"साहेब, रोपं."

चौथ्यांदा असे झाल्यावर मॅक्लीश यांनी टोपी काढून टेबलावर आपटली. "अहो, ती रोपं बुडाली एव्हाना! मला एक सही द्या. 'हो' नाहीतर 'नाही' लिहा, पण काहीतरी लिहा! बाराला चाळीस मिनिटं राहिलीयेत."

सही कोणाची लागते ते कायदा सल्लागारांनी पुस्तक उघडून पाहिले. हा कायदा वीलरांच्याच पक्षाने केला होता आणि दोन वर्षांत त्याची गरज पडली नव्हती, म्हणून पहिल्या पायरीपुढे तो कोणी वाचलाही नव्हता. त्यात लिहिले होते : बळाच्या वापरास 'परिस्थितीची संपूर्ण माहिती असलेल्या सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने' परवानगी द्यावी. अर्जदाराने स्वतःच्या अर्जावर सही करू नये.

मग उपपंतप्रधान म्हणाले, "पंतप्रधानांना संपूर्ण माहिती नाही. त्यांच्याकडे चार दाखले आहेत. म्हणजे..." आणि म्हणजे काय ते त्यांच्याच लक्षात आले. "ओदीलबाई, मलाही जरा त्या काचघरात... गोळी न झाडण्याचं माझंही शपथपत्र आहे हो."

त्यांना दाखला मिळाला. मग शांतता-मंत्री उठल्या. त्यांना जिरेनियमची फार आवड असल्याचे त्यांनी सांगितले. गृहमंत्र्यांना सुरुवातीपासून काहीच ऐकू आले नव्हते. कायदा सल्लागार हे निवडून आलेले नव्हते, पण पुढे निवडून यायची त्यांची इच्छा होती, त्यामुळे तेही गेले. ओदीलबाई दाखल्यांवर शिक्के मारत होत्या. काचघरातून जास्तीच्या खुर्च्यांची आणि कॉफीची मागणी आली.

खोलीत दोघेच उरले. अकरा बत्तीस झाले होते.

"चला, मीही जाते," ओदीलबाई उठत म्हणाल्या.

"जा की," मॅक्लीश म्हणाले. "पण बाई, तुम्हाला दाखला कोण देणार?"

ओदीलबाई पुन्हा खाली बसल्या. देशात नऊशेहून अधिक उपसचिव होते आणि त्यांच्यापेक्षा वरिष्ठ तीनशे. त्या सगळ्यांना काही ना काही माहीत नव्हते. परिस्थितीची संपूर्ण माहिती असलेली सर्वांत वरिष्ठ व्यक्ती म्हणजे या क्षणी पेन्सिली मांडणारी एक बाई होती. मॅक्लीश यांनी कागद पुढे सरकवला.

"माझे पापा आहेत हो आत," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला. म्हणून तर मघापासून मी तुमच्यावर ओरडलो नाही."

त्यांनी कागद उचलला आणि काचघर गाठले. मंत्रिमंडळ ओळीने बसून कॉफी पीत होते. पंतप्रधान शेवटी, खिडकीपाशी, हात जोडून उभे होते. डोळे लाल झालेले.

"साहेब, मला तुमच्याशी बोलायचंय."

"तुमच्या वडिलांसाठीच प्रार्थना करतोय, ओदीलबाई. अर्मां ना? गेल्या वर्षी त्यांनी मला मेपल सिरप पाठवलं होतं."

"प्रार्थना करा. पण आधी हो म्हणा."

वीलर बाहेरच्या बर्फाकडे वळले. "माझ्या पणजोबांचं गाव रशियात होतं," ते हळू म्हणाले. "दरोडेखोर यायचे. शेवटी गावातल्या पोरांनी बंदुका घेतल्या. पणजोबांनी त्यांना शाप दिला, चर्चमधून काढलं. पण पोरं पहाऱ्यावर असायची त्या दिवसांत ते बायकामुलांना घेऊन घरीच झोपायचे. एरवी शेतात लपायचे. आजीनं मला हे सांगितलं. प्रचारात मी कधी सांगितलं नाही."

"मग?"

"तुम्ही विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल. मनापासून म्हणेन मी ते. म्हणून विचारू नका."

"आणि नाही विचारलं तर?"

पंतप्रधानांनी पाण्याची झारी उचलली. त्यांना बाईंच्या डोळ्याला डोळा देता येईना. "तर मला इथे किती वेळ थांबावं लागेल?" त्यांनी विचारले. "वीस मिनिटं पुरतील ना?"

ओदीलबाईंना त्या क्षणी या भल्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणावर हात उचलावासा वाटला, आणि तोही कोणावर! त्या परतल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि अकरा एक्केचाळीसला त्यांनी सही केली. अक्षर वळणदार आले. सवय होती.

बारा वाजायला सहा मिनिटे असताना एकतर्फी समारोप झाला. टोळीतले दोघे ठार झाले, एकाने रायफल टाकली. चौतीसही माणसे जिवंत बाहेर आली. अर्मां थिबोदो पळताना बर्फावर घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. ओदीलबाईंनी फोनवर त्यांचा आवाज ऐकला आणि विभागाच्या फरशीवर बसून त्या मोठ्याने रडल्या.

एक वाजता पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केले. ओलीस सुटल्याचा त्यांना आनंद झाला होता. बळ वापरले गेल्याचे त्यांना अतीव दुःख झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे त्यांना माहीत नव्हते आणि तसा दाखला त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला. लोक हेलावून गेले. सही करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी होईल, असेही त्यांनी जाहीर केले. चार दिवसांत त्या अधिकाऱ्याला बडतर्फ करा म्हणून सहा लाख सह्या जमल्या. सेंट-एलोईच्या चौकात मेणबत्त्या लावल्या गेल्या. चौकाच्या चारही कोपऱ्यांवर बंदूकधारी पोलीस होते, कारण त्यांच्याशिवाय यायला लोक तयार नव्हते.

पुढची मागणी कोणी केली ते नेमके सांगता येत नाही. पण आठवड्याभरात ती सगळीकडून येऊ लागली. पंतप्रधानांना दाखला मिळतो, तर सामान्य नागरिकाला का नाही? त्यानेही गोळी झाडली नाही. तोही शांतताप्रिय आहे. लोकशाहीत हा भेदभाव चालणार नाही. सरकारने मागणी मान्य केली. फॉर्म ९-ग टपाल कार्यालयात मिळू लागला. चौकशी पूर्ण होईपर्यंत शिक्का मारायचे काम ओदीलबाईंकडेच राहिले, कारण दुसऱ्या कोणाला त्याची माहिती नव्हती.

रविवारी त्या वडिलांकडे जेवायला गेल्या. अर्मांनी प्लास्टरमधल्या हाताने वाटाण्याचे सूप वाढले, थोडे सांडले, आणि मग लोण्याच्या डब्याखालून एक घडी केलेला कागद काढला.

"पोरी, एवढा शिक्का मारून दे."

"पापा, तुम्ही तर आत होतात!"

"होतो. पण डोळे मिटून घेतले होते."

"आवाज आला नाही?"

"आला असेल. मी तेव्हा मोठ्यानं स्तोत्र म्हणत होतो." ते थोडे ओशाळले. "हे बघ, तू केलंस ते बरंच केलंस. नसतीस केली सही, तर मी आज सूप पीत नसतो. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण क्लबात सगळ्यांनी फॉर्म भरलाय गं. मी एकट्यानं भरला नाही तर कसं दिसेल? आणि सही कुणाची होती ते तिथं बोलू नकोस बाई. उगाच लोक माझ्याशी खेळायचे थांबतील."

ओदीलबाईंनी पर्समधून शिक्का काढला. हल्ली तो त्यांच्याजवळच असे. 'वरील व्यक्तीस काहीही माहीत नव्हते' याखाली त्यांनी सही केली, कागद बापापुढे ठेवला आणि सूप संपवले. ते गार झाले होते, तरी संपवले.

पुढच्या महिन्यात चौकशी समितीने त्यांना दोषी ठरवले. समितीच्या सातही सदस्यांनी निकाल देण्याआधी आपापले दाखले घेतले होते, आणि त्यावर ओदीलबाईंचाच शिक्का होता. आजवर एक कोटी नव्वद लाख दाखले गेले आहेत. शेवटचा गठ्ठा हातावेगळा केल्यावर बाईंनी खुर्ची सोडली आणि शिक्का टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या. तो अजून तिथेच आहे. टपाल कार्यालयात फॉर्मही मिळतात आणि अर्ज करायला कोणालाही बंदी नाही.

नियम मात्र बदललेला नाही. ज्याने शेवटपर्यंत ऐकले, त्याला दाखला नाही. तुम्ही तर शेवटपर्यंत वाचलेत.