वापरायची परवानगी

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?"

हे वाक्य चिरंजीव सकाळपासून फोनवर इतक्यांदा बोलले होते, की आता तोंड आपलं आपण बोलायचं आणि डोकं खिडकीबाहेर बघत बसायचं. मदत ते कुणालाच करू शकत नव्हते. कंपनी जुने व्हिडिओ गेम नव्याने विकायची, कधीतरी गुपचूप काढून टाकायची आणि शिव्या खायला चिरंजीवांना बसवायची. त्यात नोकरी अजून कच्ची. आणखी एका ग्राहकाने कॉलनंतर पाचपैकी एकच तारा दिला तर चंबूगबाळं आवरायचं, असं वरिष्ठ बाईंनी कालच बजावलं होतं.

"माझा नावाड्याचा गेम कुठे गेला?" पलीकडून आवाज आला.

चिरंजीव खुर्चीत ताठ बसले. हे तर तीर्थरूप! निवृत्त झाल्यापासून वडील रोज दुपारी पडद्यावरच्या नदीतून शेळ्या पलीकडे न्यायचे. लहानपणी बापलेक मिळून खेळायचे तोच हा गेम, चिरंजीवांनीच पहिल्या पगारातून त्यांना परत घेऊन दिलेला.

"सर, तो आता उपलब्ध नाही."

"नाही म्हणजे? पैसे मोजलेत! शेवटची फेरी राहिली होती माझी!"

"सर, आपण गेम विकत घेतला नव्हता. वापरायची परवानगी घेतली होती."

वडिलांना आता आवाज ओळखीचा वाटला.

"अरे, तूच ना रे हा?"

कॉल रेकॉर्ड होत होता, आणि कामावर घरच्यांशी बोलताना सापडलं तर थेट नारळ मिळत असे.

"मी ग्राहक प्रतिनिधी बोलतोय, सर."

"सर? मला?"

"होय, सर. नवी आवृत्ती आजपासून विक्रीला आहे."

"त्यात नवीन काय?"

"पाणी जास्त निळं आहे, सर."

"आणि मी नेलेल्या शेळ्या?"

"पहिल्यापासून न्याव्या लागतील. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कॉल संपल्यावर कृपया तारे द्यावेत."

"देतो ना," वडील म्हणाले. "चांगलेच देतो."

बिचारे चिरंजीव! उरलेला दिवस त्यांनी कसाबसा ढकलला आणि संध्याकाळी पाय ओढत घर गाठलं. त्यांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर, वडील तंगड्या पसरून पडले होते.

"बाबा, माझी खोली आहे ही."

"तुझी? तुला वापरायची परवानगी होती. ती काढून घेतली."

"मग मी झोपू कुठे?"

"नवी आवृत्ती बाहेर सोफ्यावर आहे. चादर जास्त निळी आहे."

"अहो, पुरे की आता!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "दमून आलंय पोरगं!"

"झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे," वडिलांनी छताकडे बघत सांगितलं.

"बाबा, माझी नोकरी जाईल हो. तारे किती दिलेत तेवढं तरी सांगा."

"ती माहिती गोपनीय असते. सर म्हण."

आता मात्र चिरंजीवांच्या अंगात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. सोफ्यावर बसून त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या पैशांनी नवी आवृत्ती घेतली आणि अटी न वाचताच 'मान्य' दाबलं. होडीची शिट्टी वाजली तसे वडील खोलीतून बाहेर आले आणि शेजारी टेकले.

"पहिली शेळी तू ने," ते म्हणाले. चिरंजीवांनी ती बुडवली. "लहानपणीही हेच करायचास, गाढवा," म्हणून वडिलांनी हातातून रिमोट काढून घेतला. जेवणं होईपर्यंत शेळ्या चालल्या होत्या. ताऱ्यांचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसता बसताच वरिष्ठ बाईंचं बोलावणं आलं. चिरंजीवांनी खणातलं सामान आधीच पिशवीत टाकलं आणि ते मान खाली घालून समोर उभे राहिले.

"कालचे ते नावाड्याचे गृहस्थ," बाई म्हणाल्या. "पाचच्या पाच तारे दिलेत त्यांनी. फोन ठेवता ठेवताच."

"पाच?"

"आणि शेरा लिहिलाय, ऐका." बाईंनी चष्मा लावून वाचलं, "मुलगा फार नम्र आहे. सगळं ऐकून घेतो, उलट एक शब्द बोलत नाही. असाच एक आमच्या घरी असता तर फार बरं झालं असतं."