वाईट बातमी सांगून मिळेल

टेलरमास्तरांनी एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात फोन धरला, आणि नवरदेवाच्या कोटाची पाठ जाळली. चांगली तळहाताएवढी. लग्न परवावर आलेलं! मास्तर कारागीर अव्वल, पण स्वभावाने महाभित्रे. नवऱ्यामुलाच्या घरी जाऊन हे सांगण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावून परागंदा व्हावं, असं त्यांच्या मनात घोळत होतं. तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या जिन्यावरल्या नव्याकोऱ्या पाटीवर गेली. 'वाईट बातमी सांगून मिळेल. दोघी बहिणी. पहिला मजला.'

आता असाही कुठे धंदा असतो का? पण थोरलीच्या डोक्यात ते खूळ शिरलं होतं खरं. थोरली कैक वर्षं एका कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसलेली. लोक तणतणत यायचे आणि काम न होताच हसत घरी जायचे. धाकटी बसस्थानकावर गाड्यांना उशीर झाल्याचं कर्ण्यावरून सांगायची. आवाज असा कोरडा ठणठणीत, की ऐकणाऱ्याला भांडायचंही सुचू नये. "मी समोरच्याच्या मनाची तयारी करणार. मी चष्मा काढला की तू बातमी सांगायची," थोरलीने ठरवून टाकलं. धाकटीने या नादात चांगली नोकरी सोडली, आणि पाटी लागल्यापासून जिन्यावर चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

"पहिलं काम धड झालं तर ठीक," आईने निर्वाणीचं सांगितलं होतं. "तोंडघशी पडून आलात, तर सोमवारपासून दोघींनी मामाच्या गोदामात खोकी चिकटवायला जायचं."

खोक्यांचं काही नव्हतं हो. पण दिवसभर मामाचे उपदेश ऐकणं काही दोघींच्याने होणार नव्हतं. त्यामुळे मास्तरांचं काम मिळताच दोघी उड्या मारतच नवरदेवाच्या घरी पोचल्या.

घरात वरमाई, वरबाप आणि स्वतः नवरदेव, तिघेही होते. चहा आला. धाकटीने घाबरून तो कढत चहा एका घोटात संपवला, आणि तिथेच घोटाळा झाला.

"आधी सगळे जरा नीट बसा," थोरली म्हणाली.

सगळे बसलेलेच होते. ते आणखी नीट बसले.

"माणसाच्या हातात काय असतं हो?" थोरलीने खिडकीतला आवाज लावला. "सकाळी सगळं छान असतं, आणि दुपारी होत्याचं नव्हतं होतं." एवढं म्हणून तिने चष्मा काढला.

"कळवण्यात येते की... हुक्!" धाकटी म्हणाली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हुक्! उचक्यांनी तिचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. तिने पदर तोंडाशी धरला.

"अगं बाई, रडतेय ही!" वरमाईने कपाळावर हात मारला.

थोरलीने चष्मा परत लावला. दुसरं कुणी असतं तर सरळ सांगून मोकळं झालं असतं. पण थोरलीने उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. वाईट शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि माघारी वळायचा. मग तिने जे येत होतं तेच केलं. मनाची आणखी तयारी केली.

"खचून जायचं नाही," ती म्हणाली. "एकमेकांना धरून राहायचं."

"कोण गेलं?" वरबाप ओरडले.

"तसं नाही हो... म्हणजे, सगळं आपल्या हातात नसतं."

"हुक्!"

"काकाच गेले!" म्हणत वरबापांनी काकांना फोन लावला. काका ठणठणीत होते, आणि भलत्या वेळी झोपमोड केली म्हणून चिडलेलेही होते. मग मावशीला लावला. मावशी जिवंत, पण आता तिचाही जीव टांगणीला. मग व्याह्यांना लावला. तिकडेही सगळे सुखरूप. "पण झालंय काय?" व्याही ओरडत होते. "अहो, वाईट बातमी सांगायला दोघी बहिणी आल्यात, पण काय ते कळेना!" इकडून वरबाप त्यांच्यावर ओरडत होते.

"माणसं सगळी आहेत," वरमाई म्हणाली. "मग... लग्न मोडलं का गं?"

"खरंच?" नवरदेव ताडकन उठला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे... अरेरे," तो म्हणाला आणि खाली बसला. बसला तो नेमका चहाच्या ट्रेवर. कपबशा खळ्ळकन फुटल्या, वरमाईने किंकाळी फोडली, आणि धाकटी इतकी दचकली की तिची उचकी जागच्या जागी थांबली.

"कळवण्यात येते की," ती ताठ उभी राहून म्हणाली, "नवरदेवाच्या कोटाची पाठ इस्त्रीने जळाली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मग वरमाईने धाकटीला कडकडून मिठीच मारली.

"कोट ना? फक्त कोट? जळू दे मेला!"

"मास्तरांना म्हणावं, विजारही जाळा!" वरबाप डोळे पुसत हसायला लागले.

बहिणी हवेत तरंगतच बाहेर पडल्या. मामाचं गोदाम टळलं होतं! पण जिना निम्मा उतरतात तोच नवरदेव मागून धावत आला.

"आणखी एक बातमी सांगायचीय. आईबाबांना."

"कुणाची?"

"माझीच. मला हे लग्न नकोय. मुलगी चांगली आहे हो, पण आमचं जमणार नाही. महिनाभर सांगायला जातोय, पण मी तोंड उघडलं की आई त्यात लाडू कोंबते."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नवरी होती. मघाशी वरबाप फोनवर काय ओरडत होते ते तिने ऐकलं होतं. "त्या दोघी अजून आहेत का तिथे?" तिने विचारलं. "असल्या तर फोन दे ना जरा."

धाकटीने फोन कानाला लावला, शांतपणे ऐकून घेतलं आणि फोनवरल्या नवरीला नि समोरच्या नवरदेवाला एकदमच सांगितलं, "हे लग्न दोन्ही बाजूंकडून रद्द करण्यात आले आहे."

नवरदेव पायरीवर बसून पोट धरून हसत सुटला. फोनमधूनही तसंच खिदळणं ऐकू येत होतं. थोरली मात्र पांढरीफटक पडली. कोटाचं ठीक होतं. ही बातमी मात्र खरोखरच वाईट होती, आणि इथे फसलं तर परत गोदाम आलंच.

दार वरमाईने उघडलं. थोरलीने घसा खाकरला. "आधी सगळे नीट..."

"नको!" वरमाईने कानांवर हात ठेवले. "बसायला सांगू नका! काय ते उभ्या उभ्या बोला!"

धाकटीने एका वाक्यात सांगून टाकलं. वरबाप मटकन बसले. वरमाईच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं आलं. किती हौसेने सगळं मांडलं होतं तिने!

"दोघांनाही नको?"

"दोघांनाही," नवरदेव मान खाली घालून म्हणाला.

"गाढवा! अरे, आत्ता घटकाभरापूर्वी आम्ही सगळं गणगोत मारून बसलो होतो. त्यापुढे हे काय मोठंसं? परवा नको तर नको. चार लोकांना कळवायचं..." वरमाई बोलता बोलता थांबली. "चार कुठले, चारशे. आणि त्यात ह्यांची आत्या."

आत्याचं नाव निघताच वरबापांचा चेहरा साफ उतरला. नवरदेव दोन पावलं मागे सरकला. वरमाईने दोघी बहिणींना मनगटाला धरून आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

"बसा," ती म्हणाली. "आत्यापासून सुरुवात करा."