विहिरीवाला राजा आणि पाणीपुरवठा मंत्री

थोर माणूस एकदाच जन्माला येतो, पण मेल्यावर त्याला एकटं राहू देणं कुठल्याही सुसंस्कृत राज्याला परवडत नाही. हयात पुढाऱ्यांना त्याच्या शेजारी उभं करावंच लागतं, आणि तिथे चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून तुलना तपासणी कार्यालय स्थापन झालेलं आहे. "आमचे साहेब म्हणजे आजचे अमुक" असं भाषणात म्हणायचं तर आधी या कार्यालयाचा समतुल्यतेचा दाखला लागतो. (मयत पक्षाची संमती घेतली जाते. मुदतीत त्याची हरकत न आल्यास ती मिळाली असं धरतात. आजवर एकही हरकत आलेली नाही.)

दाखल्यावर सही करणारे तपासनीस तर्कातली खोट हुडकण्यात मुरलेले होते. सहकारी त्यांना 'चाळणी' म्हणत आणि त्यांना तो गौरव वाटे. 'सेनापतीला शत्रू फार होते, आमच्या नेत्यालाही आहेत, सबब नेता थोर,' असा अर्ज आला की ते शेरा मारत: 'पाकीटमारालाही असतात.' 'दोघांचंही नाक बाकदार' यावर शेरा: 'पोपटाचाही विचार व्हावा.' 'नेत्यावर टीका म्हणजे सेनापतीचा अपमान' यावर: 'इसम दोन आहेत.' एवढं लिहून ते सही करत. शंभरातले सत्त्याण्णव अर्ज मंजूर होत. उरलेले तीन विरोधी पक्षाचे असत. शेरे मारणं तपासनिसांचं काम आणि ते न वाचणं मोठ्या साहेबांचं, ही वाटणी सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती.

मग पाणीपुरवठा मंत्र्यांचा अर्ज आला. त्यांना विहिरीवाल्या राजाच्या शेजारी बसायचं होतं. राजाने गावोगाव विहिरी खोदल्या होत्या. मंत्र्यांनी त्या बुजवून वर दुकानांचे गाळे काढले होते. अर्जात म्हटलं होतं, 'दोघांनीही विहिरींचा प्रश्न कायमचा सोडवला.' तपासनिसांच्या स्वतःच्या नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. त्यांचं टाळकंच सरकलं. शेरा न मारता ते थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, खोदणं आणि बुजवणं एक कसं?"

"फावडं तेच लागतं ना?" साहेब म्हणाले.

"मी यावर सही करणार नाही."

साहेब चिडले नाहीत. खुर्चीतून उठले, चहा मागवला आणि तपासनिसांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही म्हणजे आजचे ते न्यायाधीश! भर दरबारात राजाला दोषी ठरवणारे. तेही निर्भीड, तुम्हीही निर्भीड. त्यांनाही पदाचा मोह नव्हता, तुम्हालाही नाही." साहेबांचा आवाज भरून आला. "त्याच संध्याकाळी त्यांनी नोकरी सोडली, सरकारी घर सोडलं. मागे वळूनही पाहिलं नाही."

तपासनिसांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांत त्यांच्या शेजारी कुणी कुणाला उभं केलं नव्हतं. राजीनाम्याचा कागद साहेबांनी टंकून तयारच ठेवला होता. (कार्यालय तत्पर आहे.) तपासनिसांनी त्यावर सही केली, शेरा न मारता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, त्यांनी सरकारी घर सोडलं म्हणून आपणही हे सोडायचं? आपण जायचं कुठे? भाड्याच्या खोलीचे चार जिने आईंना चढवणार आहात का तुम्ही?"

"न्यायाधीशांनी असले प्रश्न विचारले नव्हते."

"त्यांच्या बायकोने विचारले असतील!"

"इतिहासात तशी नोंद नाही," तपासनीस गंभीरपणे म्हणाले आणि गाद्या बांधायला बसले. बायकोला रडू आलं. ती भांडी भरत राहिली. सासूबाई गुडघे चोळत विचारत होत्या, "त्याला बढती मिळाली का गं?"

दुसऱ्या दिवशी नव्या तपासनिसाने मंत्र्यांच्या दाखल्यावर सही केली आणि त्याच घरात सामान लावलं.

वाचकहो, साहेबांच्या बोलण्यातली खोट तुम्ही तिथल्या तिथे पकडलीत. भल्याभल्यांना जमत नाही ते. तुमच्यासारखी करडी नजर आणि असा निर्मोही स्वभाव त्या न्यायाधीशांनंतर आम्ही कुणात पाहिलेला नाही, हे अगदी मनापासून सांगतो. तुम्हाला ते पटलेलंही दिसतंय. मग, घर कधी रिकामं करताय?