कायदावाचकांसाठी राखीव

कायदा माहीत नव्हता, ही सबब कायद्यापुढे चालत नाही. त्यामुळे कायदा प्रत्येकाला मोफत आणि विनासायास वाचायला मिळणे, हा सुसंस्कृत समाजाचा पाया होय. मुलुंड पूर्वेच्या 'शीतलछाया' सोसायटीने हा पाया तळमजल्यावर, पत्रपेट्यांच्या शेजारी घातला. पूर्वी सोसायटीच्या उपविधींचे पुस्तक लोखंडी कपाटात कुलूपबंद असे आणि कोणाला दिसत नसे. आता ते काचेच्या पेटीत कुलूपबंद असते आणि सर्वांना दिसते.

ही सुधारणा सेक्रेटरी देवव्रत प्रधान यांची. पेटीत पुस्तक उघडे ठेवलेले असे आणि दर सोमवारी सकाळी साडेनऊला प्रधान स्वहस्ते एक पान उलटत. (सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या सोमवारी.) पुस्तक चौऱ्यांशी पानांचे. म्हणजे कोणीही सभासद एक दमडी खर्च न करता, नुसते खाली येऊन, वर्षभरात अख्खा कायदा वाचू शकत होता. फोटो काढायलाही मनाई नव्हती. काचेमुळे फोटोत फक्त काढणाऱ्याचे पोट येई, त्याला सोसायटी काय करणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या दशरथ सावंतांनी या सोयीकडे तीन वर्षे ढुंकूनही पाहिले नव्हते. पाहायची वेळ आली ती खुर्चीमुळे. त्यांच्या बायकोचे, विमलाबाईंचे, गुडघे गेलेले आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून सावंतांनी पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. जाता-येता तिच्यावर पाच मिनिटे टेकून विमलाबाई रोज भाजी आणत आणि फाटकाशी मैत्रीण नीलाबरोबर तासभर गप्पा मारून येत. एका सकाळी खुर्ची जाग्यावर नव्हती.

"अहो, खुर्ची खंय गेली?" विमलाबाईंनी कठड्याला धरून वर हाक मारली. "आता मी बसू खंय?"

खुर्ची सोसायटीच्या ऑफिसात होती.

"सावंत, ते नियमात बसत नाही," प्रधान म्हणाले.

"कुठल्या नियमात?"

"उपविधी खाली लावलेत ना? सगळ्यांना खुले आहेत. वाचा की!"

त्या आठवड्यात पाने सहा आणि सात उघडी होती. त्यांत फक्त व्याख्या होत्या. पुढची पाने आधी पाहायची तर त्यासाठी एक अर्ज होता, आणि तो अत्यंत सुटसुटीत होता: नाव, खोली क्रमांक आणि हव्या असलेल्या नियमाचा क्रमांक. नियमाचा क्रमांक नियमाच्या शेजारीच छापलेला असल्याने पान उघडल्यावर तो सहज सापडत असे.

सावंतांचा मुलगा निलेश नाहूरला राहतो. त्याने मोबाइलवर उपविधी शोधून दिले. प्रधानांनी ते चष्मा कपाळावर चढवून पाहिले.

"हे सरकारचे आदर्श उपविधी. आपली सोसायटी आदर्श आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं? आपल्यात दुरुस्त्या आहेत."

सोसायटी आदर्श नाही, यावर सावंतांचेही दुमत नव्हते. मग ते दर सोमवारी उभ्याने वाचू लागले. पाण्याच्या टाकीचे झाकण कोणी उघडावे, गणपूर्ती झाली नाही तर किती वेळ थांबावे, मयत सभासदाने नोटिशीला उत्तर दिले नाही तर काय करावे, हे सगळे त्यांना तोंडपाठ झाले. लोक त्यांना 'वकीलसाहेब' म्हणू लागले. वॉचमनच्या नोंदीनुसार त्यांच्याआधी तीन वर्षांत पेटीसमोर एकशे बारा माणसे थांबली होती. पैकी काचेत बघून केस विंचरणारे सत्त्याण्णव, पार्सलची वाट बघणारे चौदा. उरलेला एक माशी मारत होता.

इकडे विमलाबाई भाजीची पिशवी दोरीने खिडकीतून खाली सोडत. नीला खालून ओरडून गप्पा मारी, पण ओरडून मारण्यासारख्या गप्पा आठवड्यात संपल्या. सावंतांना फार अपराधी वाटे. बायको तक्रार करत नव्हती, याचा तर जास्तच त्रास होई. एकदाच ती म्हणाली, "तुमी सगळो कायदो शिकलास. माका खाली कधी न्हेतलास?"

दहा महिन्यांनी शेवटचे पान आले. त्यावर छापखान्याचा पत्ता होता.

"शेवटपर्यंत वाचलं, प्रधान. खुर्ची कुठेच नाही."

"अख्खं वाचलंत?" प्रधान दचकले. त्यांना स्वतःला ते कधी जमले नव्हते. पाने उलटण्यातच त्यांचा वेळ जाई. "मग ठरावात असेल. चाळीस वर्षांच्या ठरावांची वही आहे. पुढच्या सोमवारपासून लावतो."

सावंत घरी आले आणि वर्षभराच्या वाचनातून आलेले शहाणपण पहिल्यांदाच कामाला लावले. त्यांनी अर्ज लिहिला: 'कायदा लोकांच्या दारी न्यावा. पेटी पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर बसवावी. ज्येष्ठ वाचकांसाठी समोर खुर्ची असावी.' कमिटीने तो चार मिनिटांत एकमताने मंजूर केला. खुर्ची तीच आली. फक्त पाठीवर 'कायदावाचकांसाठी राखीव' असे रंगवलेले होते, आणि बसणाऱ्याने वाचलेच पाहिजे, अशी अट होती.

आता विमलाबाई रोज खाली जातात. जाताना पाच मिनिटे, येताना दहा, त्या ठरावांच्या वहीसमोर बसतात. चष्मा घरी असतो.

"काय वहिनी, काय चाललंय?" प्रधान जाता जाता विचारतात.

"वाचतंय," विमलाबाई धापा टाकत सांगतात.

वार्षिक अहवालात त्यांची नोंद आहे. नियमित वाचक: मागील वर्षी शून्य (सावंत उभे असल्याने धरलेले नाहीत), यंदा एक. शून्यावरून एक म्हणजे किती टक्के वाढ, हे खजिनदारांना काढता येईना, म्हणून 'लक्षणीय' असे लिहिले.

वार्षिक सभेत नव्याने राहायला आलेले अनिरुद्ध दळवी मात्र उठलेच. "चष्म्याशिवाय वाचन? ही शुद्ध धूळफेक आहे!"

सावंतांनी शांतपणे दळवींचा सभासदत्वाचा अर्ज मागवला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली: 'मी संस्थेचे उपविधी वाचले आहेत, ते मला समजले आहेत व मान्य आहेत.' खाली दळवींची सही होती. बाकीच्या त्रेसष्ट सभासदांच्या अर्जांवरही ती होती, प्रधानांच्या धरून. दळवी खाली बसले.

असल्याच एका ओळीखाली, वाचकहो, तुमचीही सही आहे. विमलाबाई निदान वहीसमोर बसतात.