थर्माकोलमुक्त गणपती

थर्माकोल या घरात येणार नाही, असं मी गणपतीच्या तोंडावर जाहीर केलं.

"मंग देवाले काय उघड्यावर बसवतोस?" माझी बायको रीता म्हणाली.

वनस्पतिशास्त्रातला पदवीधर नवरा घरात असताना ही काळजी! आलापल्लीच्या वाटेवरच्या एका नर्सरीतून मी पाण्यावर तरंगणारी झाडं आणली. फुगीर देठ, जांभळी फुलं. टबात पाणी भरून ती सोडली, मधोमध गणपती बसवला. तलावातल्या मासोळीवर जगणारा आमचा अख्खा ढिवर मोहल्ला बघायला आला. मग मीच घरोघरी झाडं वाटली, सोबत पर्यावरणावर भाषण (भाषण कुणालाच नको होतं, पण झाड वेगळं मिळत नव्हतं).

देवाचं निर्माल्य आमच्याकडे उकिरड्यावर जात नाही, तलावात जातं. विसर्जनाला सगळ्यांनी मूर्तीबरोबर झाडंही सोडली. मी काठावर टाळ्या वाजवल्या.

दिवाळीला तलावाचा एक कोपरा जांभळा झाला. रीतानं तिथं उभं राहून फोटो काढून घेतला. संक्रांतीला पाणीच दिसेना.

"पिंट्या, जाळं बुडूनच नाई राह्यलं," बा म्हणाला. पावसाळ्यात मोहल्ल्यानं सोडलेलं मासोळीचं बीज त्या हिरव्याखाली होतं. "वरच्या वर पडते, खाटेवर चादर टाकल्यावानी."

"बा, झाडं ऑक्सिजन देतात."

"मले नोको सांगू. मासोळ्याईले सांग."

मासोळ्या वर आल्या त्या पोट वर करूनच. रोहू, कतला, सगळ्या. वासानं गावात जेवण जाईना. बाया-माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून झाडं ओढत, आणि मोकळी केलेली जागा पुन्हा हिरवी होई. तेव्हा मी नाव शोधलं. जलकुंभी, म्हणजे जलपर्णी. (अभ्यासक्रमात होती. त्या तासाला मी बाहेर 'तलाव वाचवा' पथनाट्य करत होतो.)

"थर्माकोल असता तं बांबूनं ओढून काढला असता," आई एवढंच म्हणाली.

पिढ्यान् पिढ्या मासोळी धरणारा मोहल्ला यंदा पहिल्यांदा तेलंगणात मिरची तोडायला निघाला. गाडीत बा, आई, रीता दाटीवाटीनं बसलेले. मीही पिशवी घेऊन चढलो. कुणी सरकून जागा दिली नाही.

बानं माझी पिशवी उचलून खाली रस्त्यावर ठेवली.

"तू उतर."

"काऊन, बा? मी बी तोडतो ना मिरच्या."

"तिथलं वावर दुसऱ्याचं हाये."